शेकाचं बटण

संग्राम बिडवेनं सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला, तेव्हा खरं बोलायला माझ्याकडे चार सेकंद होते. मी बोलले नाही.

पहिला फटका डॉक्टर केळुस्करांच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. एवढ्या आरडाओरड्यातसुद्धा चष्म्याची काच फुटल्याचा आवाज मला वेगळा ऐकू आला. डॉक्टर म्हणजे सव्वापाच फुटांचा माणूस, कोकणातून आलेला, ताजे मासे मिळत नाहीत म्हणून रोज माझ्यापाशी कुरकुरणारा. ते फरशीवर आडवे झाले तशी बाकीची पोरं लाथा घालायला लागली. बारा-पंधरा जण असतील. एकाच्या हातात ऑक्सिजनचा सिलिंडर उघडायचा पाना होता, आणि तो त्यानं डॉक्टरांच्या बरगड्यांवर मोजून तीनदा मारला.

"चालत आली हुती माझी बायको! हसत आली हुती!" संग्राम ओरडत होता. त्याच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हता. "तू सुई टोचलीस आन् दिवस मावळायच्या आत मेली ती! खुनी हायेस तू, खुनी!"

मी मध्ये पडले. मी काही भित्री बाई नाही. सत्तावीस वर्षं नोकरी केलीय, दारू पिऊन बायकांच्या वॉर्डात शिरलेल्या माणसाला चपलेनं हाणत गेटपर्यंत नेलेलं आहे. एकाला मागनं केसांना धरून ओढलं, दुसऱ्याच्या मनगटाला कडकडून चावले. मग स्टँड माझ्या डाव्या हातावर आला. हाड मोडल्याचं आधी कळलं, दुखायला नंतर लागलं.

मग ते सगळे नाडीकक्षात घुसले. पडदे फोडले, खुर्च्या खिडकीतनं बाहेर फेकल्या. भिंतीवर एक करडी पेटी होती, देवघराएवढी. संग्रामनं ती उपटून जमिनीवर आपटली आणि वरनं पाना घातला, तिचा पार चुरा होईपर्यंत. काचेनं त्याचा उजवा तळहात उभा फाटला. बाहेर कुणीतरी ॲम्ब्युलन्स पेटवली होती.

आणि आता लाज सोडून सांगते. ती पेटी फुटली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, तो हा: बरं झालं!

मी रत्नमाला सोळुंके, निमखेडीच्या उपजिल्हा रुग्णालयातली नाडीकक्षाची इन्चार्ज सिस्टर. नाडीकक्ष म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्याकडे बाळंतीण घरी जाते तेव्हा तिच्या दंडाला एक पट्टी बांधतो. कापडाचीच, आत दोन बारीक दिवे. दिव्याचा उजेड कातडीतनं आत जातो, थोडा परत येतो. नाडीचा ठोका पडला की तिथं रक्त भरतं, उजेड कमी परततो. ठोका ओसरला की जास्त. हे पट्टी सेकंदाला दोनशे वेळा मोजते आणि त्याची लाट काढते. सुई नाही, रक्त काढणं नाही, बाईला पट्टी आहे हे आठवतसुद्धा नाही.

निरोगी माणसाचं काळीज घड्याळासारखं पडत नाही, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा कळलं. दोन ठोक्यांतलं अंतर श्वासाबरोबर किंचित वाढतं, किंचित कमी होतं. तेच निरोगीपण. रक्तात जंतू पसरायला लागले की हा खेळ थांबतो, ठोके एकसारखे पडायला लागतात. शिवाय प्रत्येक लाटेच्या उतरणीवर एक छोटा उंचवटा असतो. रक्तवाहिन्या सैल पडल्या की तो खाली बसतो. ताप यायच्या, थंडी वाजायच्या कितीतरी तास आधी हे दिसतं. बाई जेवत असते, बाळाला पाजत असते, आणि तिची लाट सांगत असते की हिला सेप्सिस होतोय. बाळंतपणात शिरणारा एक जंतू असा आहे, की सकाळी वेणी घालून बसलेली बाई संध्याकाळी जाते. तिथं एकेक तास मोलाचा.

तालुक्यातल्या दोनशे चौदा बाळंतिणींच्या लाटा आमच्या पडद्यावर. तीन वर्षांत त्या पट्टीनं अकरा जणी वाचवल्या. मी स्वतः मोजल्यात.

भानगड झाली ती शेकामुळं. आमच्याकडे बाळंतिणीला सकाळी तेल लावून, न्हाऊ घालून बाजेवर निजवतात आणि खाली शेगडी ठेवतात. ओवा, लसणाच्या साली टाकून धुरी देतात. हे काही कुणी सोडणार नाही, मी माझ्या सुनेच्या वेळी सोडलं नाही. पण उष्णतेनं रक्तवाहिन्या सैल पडतात, नाडी पळायला लागते, लाटेवरचा उंचवटा बसतो. म्हणजे पट्टीला शेक आणि सेप्सिस सारखेच. रोज सकाळी सात ते अकरा आमच्या कक्षात नुसता कलकलाट! चाळीस-चाळीस इशारे. प्रत्येक घरी फोन करायचा, विचारायचं, "शेक चाललाय का हो?" तिकडनं हसून उत्तर यायचं, "व्हय की सिस्टर, शेकच."

तेव्हा मीच पुण्याला, पट्टी बनवणाऱ्यांना, पत्र लिहिलं. म्हटलं, आम्हाला एक बटण द्या. फोन करायचा, शेक आहे याची खात्री करायची, बटण दाबायचं, की तो इशारा दोन तास गप्प. शेक उतरला की अर्ध्या तासात लाट मूळपदावर येते, आणि सेप्सिस असेल तर दोन तासांनी पुन्हा वाजेलच. त्यांनी बटण दिलं. त्यावर शेगडीचं चित्र होतं. जिल्ह्याला बोलावून मला शाल-नारळ दिला. यंत्र बायांचं ऐकतं, म्हणून भाषणं झाली.

पुढं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. महिनाभर आम्ही फोन केले. मग एकदा कामाच्या गडबडीत फोन न करता दाबलं. काही झालं नाही. मग रोजच. चौघी सिस्टर होतो, चौघींचं बोट आपोआप जायचं.

आणि यंत्र बघत होतं. आम्ही कुठला इशारा दाबतो, कितीला दाबतो, हे ते शिकत होतं. बायकांची नावं, लाटा, कुणी कधी काय दाबलं, हे सगळं तालुक्याच्या त्या करड्या पेटीतच राहायचं, बाहेर जायचं नाही. घरातली गोष्ट घरात, असा कायदाच आहे. वर पुण्याला जायचा फक्त धडा. आमच्या तालुक्यानं धडा दिला होता: सकाळचा इशारा म्हणजे शेक. त्या रविवारी सकाळी माझ्या फोनवर निरोप आला, "अभिनंदन! निमखेडीचा शेक-धडा उद्या सकाळी सहापासून राज्यभर लागू. खोटे इशारे आता वाजणारच नाहीत." मी तो सगळ्यांना वाचून दाखवला.

त्याच रविवारी नऊ चाळीसला तेजलचा इशारा वाजला.

तेजल म्हणजे आमच्या गिरजामावशींची मुलगी. गिरजामावशी आमच्या वॉर्डात आया, वीस वर्षं माझ्याबरोबर. डबा एकत्र, सुखदुःख एकत्र. पहिलं बाळंतपण म्हणून तेजल माहेरी आलेली, सहावा दिवस, मुलगी झालेली. लहानपणापासून ती मला सिस्टरमावशी म्हणायची. तिची नाळ मी कापली होती आणि तिच्या लेकीचीही मीच कापली.

मी तेव्हा पायाळू बाळाच्या बाळंतपणाकडे धावत होते. जाता जाता पडद्यावर नाव बघितलं, मनात म्हटलं, मावशी जोरात शेकतायत लेकीला. दाबलं. अकरा चाळीसला परत वाजलं. तेव्हा माझे हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेले, मी कोपरानंच दाबलं. एक चाळीसला तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा मी नुकती चहा घेऊन खुर्चीवर टेकले होते, म्हणून लाट बघितली. उंचवटा नाही. ठोके एकशे अठरा, आणि एकही मागेपुढे नाही. चहा तसाच टाकून मी फोन लावला.

फोन तेजलनंच उचलला. "काय गं सिस्टरमावशी? मी तर आत्ता वरणभात खाल्ला!" संग्राम त्या दिवशी लेकीला बघायला आला होता. अडीचला तोच तिला आपल्या गाडीतनं घेऊन आला, ती स्वतःच्या पायांनी चालत वॉर्डात आली, मला बघून हसली. डॉक्टर केळुस्करांनी एक मिनिट घालवलं नाही. अँटिबायोटिक लावलं, सलाइन लावलं, जिल्ह्याला न्यायला ॲम्ब्युलन्स मागवली. वीस मिनिटांत तिचा रक्तदाब कोसळला. पाच पन्नासला गेली.

संग्रामनं काय बघितलं? चालत आलेली बायको, सुई, मढं. त्यानं रडत रडत मोबाइलवर व्हिडिओ केला, गावाला पाठवला. तासाभरात त्याचे मित्र दोन गाड्या भरून आले.

पोलीस आले तेव्हा सगळं आटपलं होतं. डॉक्टरांना जीपमध्ये निजवताना त्यांनी माझा उजवा हात धरला. एका डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं.

"सिस्टर," ते म्हणाले, "माझा डोस चुकला का? तिला ते औषध सोसलं नाही का?"

"बोलू नका डॉक्टर, पडून राहा," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

रात्रभर मी गप्प राहिले. हाताला प्लास्टर घातलं, घरी गेले नाही, वॉर्डात बाकावर बसून राहिले आणि हिशेब केला. पेटी फुटली. नोंद संपली. मी सोडून कुणाला माहीत नाही. तोंड उघडलं तर नोकरी जाईल, कदाचित तुरुंग. आणि गिरजामावशींना काय सांगू? तुमच्या शेकामुळं इशारा लपला? त्या बाईनं जीव द्यायचा. असं मी स्वतःला समजावत होते. गिरजामावशींची फार दया येत होती मला, स्वतःची त्याहून जास्त.

सकाळी सात वाजता वॉर्डातल्या एका बाईच्या आईनं शेगडी पेटवली. आणि मला तो निरोप आठवला. सहापासून राज्यभर! आमच्याकडे निदान इशारा वाजला तरी होता. आता तो वाजणारच नव्हता.

साडेआठपर्यंत मी पुण्याला फोन लावत होते. शेवटी सई नावाची इंजिनिअर मुलगी सापडली.

"मॅडम, धडा मागे घ्यायचा तर समिती बसते अकराला," ती म्हणाली. "मला तातडीनं मागे घ्यायचा अधिकार आहे, पण कुणी दगावल्याचं कारण लागतं. पेटीतली नोंद पाठवता का?"

"पेटीचा चुरा झालाय."

"मग कुणी इशारा दाबला, कुणाचा, कितीला, हे तुम्ही नावासकट सांगा. फोन रेकॉर्ड होतोय. त्यावर मी करते. पण मॅडम, नीट विचार करून सांगा, हे तुमच्यावर येईल."

मी कॉरिडॉरमध्ये उभी होते. समोरच्या बाकावर गिरजामावशी नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या, पोस्टमॉर्टेम होऊन देह मिळायची वाट बघत. चार हातांवर संग्राम, उजव्या तळहाताला ड्रेसरनं घातलेले चौदा टाके, शेजारी गुट्टे हवालदार; देह मिळेपर्यंत त्याला थांबू दिलं होतं. बाकी पोरांना उचलून नेलं होतं. दुसरे दोन डॉक्टर भीतीनं निघून गेले होते. बाहेर जाऊन बोलता आलं असतं मला. पण तेवढं अंतर चालले असते तर पुन्हा गप्प बसले असते, मी मला ओळखते.

"लिही," मी मोठ्यानं म्हटलं. "रत्नमाला सोळुंके, निमखेडी. काल तेजल संग्राम बिडवेचा इशारा नऊ चाळीसला वाजला. मी फोन न करता शेक म्हणून दाबला. अकरा चाळीसला परत दाबला. चार तास उशीर मी केला. डॉक्टरचं औषध बरोबर होतं. बाई माझ्यामुळं गेली."

वाक्य संपायच्या आत संग्रामचा डावा हात माझ्या गळ्यावर होता. त्यानं मला भिंतीवर आपटलं, डोकं दोनदा आपटलं. डोळ्यांपुढं अंधारी आली. गुट्टे त्याच्या पाठीवर काठी घालत होते आणि तो सोडत नव्हता.

"सोडा तिला, जावईबापू," गिरजामावशी म्हणाल्या. आवाज चढवलासुद्धा नाही. "मला विचारू द्या."

त्यानं सोडलं. मी खाली बसले.

"कितीला वाजलं म्हणालात?"

"नऊ चाळीस, मावशी. मला वाटलं तुम्ही शेक देताय."

"काल शेक दिलाच न्हाई मी," त्या म्हणाल्या. "शेगडीच पेटवली नव्हती. ती म्हनली, आई, आज नको, आज अंगातच ऊन ऊन वाटतंय. एक फोन केला असता सिस्टर, तर मी सांगितलं असतं की."

त्यांनी बाळ बाकावर ठेवलं. नीट, दोन्ही बाजूंना उशी लावून. आणि मग मला मारलं. थोबाडीत, डोक्यावर, पाठीत, जिथं हात पोचेल तिथं. वीस वर्षं त्या हातांनी मला भाकरी दिली होती. गुट्टे सोडवायला आले, मी त्यांना म्हटलं, राहू द्या. मोडलेल्या हातावर बसलं तेव्हा मात्र मी किंचाळले. मग त्याच दमून खाली बसल्या आणि ऊर बडवायला लागल्या.

फरशीवर पडलेल्या फोनमधनं सईचा आवाज येत होता. "मॅडम! मॅडम, धडा मागे घेतलाय. सकाळपासून दाबून ठेवलेले इशारे उघडलेत. शेक उतरल्यावरही लाट सुधारलेली नाही अशा राज्यात एकतीस बायका आहेत. तिथल्या लोकांना कळवतेय मी. तुमच्या तालुक्यात एक, पेटी फुटल्यापासून तुमच्या पट्ट्या जिल्ह्याच्या पेटीवर घेतल्यात, तिथून नाव कळवलंय. ऋतुजा माळवदे, वडजी, चौथा दिवस. सात पन्नासपासून. घरचे फोन उचलत नाहीत."

वडजी म्हणजे चौदा किलोमीटर. ॲम्ब्युलन्सचा सांगाडा गेटपाशी धुमसत होता. गुट्ट्यांकडे मोटरसायकल. आवारात धड अशी एकच चारचाकी उभी होती, संग्रामची.

मी भिंतीला धरून उठले आणि त्याच्यापुढं हात केला. "चावी दे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तू मला चावी मागतीस? तू?"

"मीच मागते. वडजीला एक बाळंतीण आहे. काल अकराला तेजल होती, तशी ती आत्ता आहे. मला मारायचं ते नंतर मार, मी कुठं पळून जात नाही."

तो हलला नाही. गिरजामावशी जमिनीवरनं म्हणाल्या, "जावईबापू, जा."

"चावी न्हाई देनार," संग्राम उठत म्हणाला. "गाडी मी चालवीन."

"आरोपी हायेस तू बाबा," गुट्टे म्हणाले.

"मग बसा की मागं, पळालो तर धरा!"

मी फ्रिजमधनं औषधं घेतली, सलाइनच्या बाटल्या पिशवीत कोंबल्या. संग्राम डाव्या हातानं स्टिअरिंग फिरवत होता आणि गिअर टाकताना दर वेळी दातओठ खात होता.

वडजीच्या त्या घरात धुरीचा वास भरला होता. ऋतुजा बाजेवर बसून कानाचा रुमाल बांधत होती. गाल लाल, चेहरा हसरा. "बया! मला काय झालंय सिस्टर?" मी हात धरला. तळवे गार, श्वास मिनिटाला अठ्ठावीस. अंगावर ताप नाही.

"हिला आत्ता सुई द्यायची आणि जिल्ह्याला न्यायची," मी म्हटलं.

तिचे दोघे भाऊ दारात आले. थोरला दांडगा, हातात कुदळीचा दांडा. "काल निमखेडीत सुई टोचून बाई मारली. व्हिडिओ आलाय आम्हाला. चालत गेली आन् मेली. तुमी हात तर लावून दावा आमच्या बहिणीला!" आणि मग त्याचं लक्ष संग्रामकडे गेलं. "आरं, हा तर त्यो व्हिडिओवाला! तूच सांगितलंस ना रं, कुणी दवाखान्यात जाऊ नका म्हणून?"

"सांगितलं," संग्राम म्हणाला. "चुकलं माझं. सुईनं न्हाई गेली ती. सुई उशिरा मिळाली म्हणून गेली. मी काल डॉक्टरचा डोळा फोडला, आन् त्यो डॉक्टर बरोबर होता. सरा बाजूला."

गुट्टे हे सगळं ऐकत होते. कोर्टात सांगतील. संग्रामलाही ते माहीत होतं.

भाऊ सरले नाहीत. मी ऋतुजाला उठवायला वाकले तशी धाकट्यानं मला प्लास्टरच्या हाताला धरून मागं खेचलं. मी ओरडले, गुट्टे मध्ये आले, दांडा त्यांच्या कपाळावर बसला आणि ते उंबऱ्यातच पडले. संग्राम थोरल्याच्या अंगावर गेला. दांड्याचे दोन घाव त्यानं खांद्यावर घेतले, एक कानाजवळ. चौथ्याला त्यानं फाटक्या हातानंच दांडा पकडला. टाके उसवले. रक्त कोपरापर्यंत आलं, त्यानं दांडा सोडला नाही. थोरल्याला भिंतीशी रेटून तो त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडला, "मार की! मला मार! मी पण असाच आडवा आलो असतो, कळलं का? जेवत होती रं माझी! आत्ता जेवत होती!"

बाजेवरनं ऋतुजा उठली, दोन पावलं चालली आणि भिंतीला टेकली. "दादा," ती म्हणाली, "मला गरगरतंय."

थोरल्याच्या हातातला दांडा खाली पडला.

गाडीतच मी डॉक्टर केळुस्करांना फोन लावला. दुसरं कुणाला लावणार? जिल्ह्याच्या दवाखान्यात खाटेवर पडलेला माणूस तो, पण त्यानं उचलला.

"सिस्टर, तुमचा हात कसा आहे?" हा पहिला प्रश्न. मला रडूच फुटलं.

"डॉक्टर, कालचा तुमचा डोस बरोबर होता. इशारा नऊ चाळीसला आला होता. मी दोनदा दाबला. काल तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलं नाही."

पलीकडे खाट करकरली, ते उठून बसले असावेत.

"ही जी बाई आहे," मग ते म्हणाले, "तिचं वजन किती?"

त्यांनी डोस सांगितला. ऋतुजाच्या आईनं तिचा हात घट्ट धरला, मी एका हातानं शीर शोधली, दुसऱ्यांदा सुई लागली. दहाला पाच मिनिटं कमी होती. डोक्याला रुमाल बांधलेले गुट्टे सबंध रस्ताभर सलाइनची बाटली वर धरून बसले. मागनं दोघे भाऊ मोटरसायकलवर येत होते. ते मदतीला येतायत की बहीण गेली तर आम्हाला तिथंच ठेचायला, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

दुपारी तिचा रक्तदाब खाली गेला, ऐंशीवर आला. तासभर तिथंच रेंगाळला. संध्याकाळी पाचला शंभराच्या वर गेला आणि टिकला. तिच्या दंडावरची पट्टी मी पडद्यावर बघत होते. ठोके पुन्हा जरासे मागेपुढे व्हायला लागले होते.

संग्राम आयसीयूच्या दाराबाहेर जमिनीवर बसला होता. गुट्ट्यांनी त्याला बेडी घातली होती. हाताची जखम परत शिवलेली, कान सुजलेला. मी त्याच्यापाशी जाऊन बसले. चापट येईल, लाथ येईल, तयारीनंच बसले.

"जगली का?"

"जगेल."

"हिचं कितीला वाजलं हुतं?"

"सात पन्नास."

"आन् सुई?"

"दहाला पाच कमी."

त्यानं बेडीतल्या हाताची बोटं मोडून मोजलं. "दोन तास." मग दुसऱ्या हातावर मोजायला लागला. नऊ चाळीस ते अडीच. एकदा मोजलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पाचव्या बोटापाशी येऊन थांबला आणि त्या बोटाकडे बघत राहिला.

"बाई," तो म्हणाला, "डॉक्टरनंच मारली असं वाटत हुतं तेच बरं हुतं की."

"मलाही तेच बरं होतं," मी म्हणाले.